रंगनाथमामांची पुठ्ठ्याची खिडकी

आमचे रंगनाथमामा वाढदिवसाचा केक कापायला गुण्या घेऊन बसतात. काटकोन बघायला सुतार वापरतो, तोच लोखंडी गुण्या. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी केकचे सोळा तंतोतंत सारखे तुकडे पाडले. तोवर मुलगी झोपली होती आणि पाहुणे जेवून हात धूत होते.

"नजर लबाड असती राव, पट्टी न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाकणच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. निवृत्त होऊन गावी, डिंगोऱ्याला आले, पण मिलिमीटर काही अंगातून गेला नाही. एकदा त्यांनी मामीची भाकरी गोल आहे का ते मोजून पाहिलं. त्यानंतर स्वयंपाक चालू असताना ते ओट्यावर बसतात, बाहेरच्या.

हीच मोजणी आठ वर्षांपूर्वी शेतात शिरली. थोरले मामा म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध. रंगनाथमामांनी एका सकाळी टेप लावला आणि जाहीर केलं, की बांध अडीच इंच आपल्याकडं सरकलाय. थोरले एवढंच म्हणाले, "रंगा, भावाभावांत टेप?" आणि मंचरला मुलाकडे राहायला गेले, ते परत आलेच नाहीत. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे.

यंदा रंगनाथमामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थोरल्यांचा फोन आला नाही. त्यांच्या मुलाबरोबर कागदाची एक गुंडाळी मात्र आली. आत जलरंगातलं चित्र होतं: डिंगोऱ्याचं शेत, विहीर, मागे डोंगर. मुलगा म्हणाला, "रविवारी आप्पा येणारेत. घटकाभर."

रविवारच्या आत ते चित्र भिंतीवर लागलंच पाहिजे, असं मामांनी ठरवलं. फ्रेम आणली, काच आणली. राहिलं माउंट. माउंट म्हणजे चित्राभोवती दिसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, मधोमध खिडकी कापलेली. ती मामा घरीच कापणार होते.

"अवं, नारायणगावचे फ्रेमवाले संपावर गेलेत काय?" मामी म्हणाली.

"त्यांचा काप कोपऱ्यातनं पुढं पळतो. दादाची नजर आधी तिथंच जायची."

"अन् नजर गेली की माणूसबी जायचा," मामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली. "आठ वर्षांनी येतायत. ह्येंनी परत मोजमाप काढलं न्हाई म्हंजे मिळवलं."

शनिवारी मला पट्टी दाबून धरायला बोलावणं आलं. शाळेत हस्तकलेत मी कागदाची होडी केली होती आणि बाईंनी ती टोपी म्हणून तपासली होती. तरी भाचा म्हणून मी गेलो.

अडचण होती थोरल्यांच्या सहीची. त्यांनी कागदाच्या कडेपर्यंत रंगवलं होतं आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी काठाला, नाव घातलं होतं. माउंट चित्राच्या कडांवर थोडं चढतं. म्हणजे नाव झाकलं जाणार. मामांनी हिशोब केला, त्या कोपऱ्यात खिडकी तेवढी मोठी ठेवली. काप तिरका यावा म्हणून पुठ्ठा मागच्या बाजूनं कापतात. मामांनी ब्लेड तिरकं धरलं, चार काप दिले. एकही पुढं पळाला नाही. मग पुठ्ठा सुलटा करून चित्रावर ठेवला.

मोठा कोपरा डावीकडे आला होता. सही पुठ्ठ्याखाली.

मामा खालीच बसले. "जन्मभर ड्रॉइंगं वाचली, अन् आज मागनं आखताना डावं-उजवं फिरवायचं इसरलो," असं म्हणाले. मी म्हटलं, "मामा, सहीच ना? दिसली नाही तर काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पट्टी दुसऱ्या हातात घेतली.

"आठ वर्षं या घरात मी त्याचं नाव काढलं न्हाई. आता चित्रातलं बी पुठ्ठ्याखाली घालू?"

पुठ्ठा आता एकच उरला होता. मामा म्हणाले, "झाकायचंच न्हाई काही. खिडकीच चित्राहून मोठी करू. चित्र मधी, भवती मोकळी पट्टी." पुन्हा आखणी, पुन्हा ब्लेड. तीन बाजू झाल्या. चौथीला मला शिंक आली.

चित्राच्या उजवीकडची मोकळी पट्टी दोन मिलिमीटर जास्त रुंद झाली. मी खिडकीतून उडी मारायची तयारी केली; घर बैठं होतं, एवढाच दिलासा. मामांनी मोजलं, परत मोजलं आणि काच बसवायला घेतली.

रविवारी थोरले आले. चपला न काढता उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "बसत न्हाई. डोळा बरा हाय का बघायला आलो. गाडी थांबलीय."

मग त्यांना भिंतीवरचं चित्र दिसलं. तसेच आत येऊन, चष्मा कपाळावर चढवून ते चित्राशी वाकले. कोपरे बघितले, सही बघितली.

"उजवीकडं जास्त सुटलंय, रंगा."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मामी जागीच थांबली. मी घाईनं म्हणालो, "ते माझ्या शिंकेमुळं..."

"तुझ्या नावाकडची बाजू हाय ती, दादा," रंगनाथमामा म्हणाले. "सुटू दे."

थोरल्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग वळले आणि दाराबाहेर गेले. मामीनं डोळे मिटले. गेले, मला वाटलं.

अंगणातून आवाज आला, "ए, गाडी झाडाखाली घे. जेवून निघू."

थोरले चपला अंगणात काढून आत आले आणि पाय पसरून बसले. मामी भाकरी टाकायला पळाली. मी सुटलो एकदाचा म्हणून तिनं जाताना माझ्या हाती दिलेल्या तांब्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

रंगनाथमामा तेवढ्यात बाहेर गेले. दादाच्या चपला उन्हात होत्या. त्यांनी त्या उचलल्या, धूळ झटकली आणि सावलीत ठेवल्या.