बंदुकीच्या खोक्यातला जिना

दोन्या एर्लिंदाच्या, म्हणजे आमच्या एर्लिंदाबाईंच्या, केकला जिना असतो. बिनजिन्याचा केक ती करायलाच घेत नाही. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे नदीच्या दोन्ही काठांवर जो सोहळा होतो, त्याच्यासाठी ती मजल्यावर मजला चढवते, मजल्यांना जोडणारे साखरेचे जिने करते, खांब करते आणि सगळ्यांत वर साखरेचीच मुलगी उभी करते. पण साखरेचा जिना म्हणजे जिवाला घोर. केकच्या दुकानातल्या पातळ पेटीत घालून निघालात, तर आमच्या एल रेमान्सो गावच्या उन्हात नदीवरच्या पुलापर्यंत पोचेतो त्याची घसरगुंडी होते.

लांब, जाड पुठ्ठ्याची, आत मऊ गादी असलेली खोकी आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळतात, ती म्हणजे वेंडेलच्या बंदुकांच्या दुकानात. नव्या रायफली भिंतीवर लागल्या की वेंडेल रिकामी खोकी मागच्या दाराशी रचून ठेवतो. दोन्या एर्लिंदाचा नवरा नासारियो ती पिकअपमध्ये भरून घरी नेतो, एर्लिंदा आत लोणीकागद लावते, आणि शनिवारी जिने त्यात निजून पलीकडे मेक्सिकोत जातात. बदल्यात वेंडेलला केकच्या कापलेल्या कडा मिळतात. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. नासारियोनं जन्मभर शाळेची बस चालवली. माणूस असा, की नाताळात पोरांनी फटाका लावला तरी घरात जाऊन बसेल.

मग मोठ्या शहरातल्या चॅनेलची डेझिरे लोसानो आली. नदीच्या अलीकडे, अमेरिकेत, रीतसर विकलेली बंदूक पलीकडे कशी जाते, यावर तिला बातम्यांची मालिका करायची होती. विषय खरा होता, त्याबद्दल वाद नाही. आमच्याकडे बंदूक मिळते, पलीकडे साध्या माणसाला ती विकणारं दुकान शोधून सापडत नाही, आणि तरी पलीकडे बंदुकांची टंचाई कुणी ऐकलेली नाही. त्या काही पंख फुटून जात नसणार. वेंडेलनं तिला बसवलं, कॉफी दिली, गिऱ्हाइकाची चौकशी कशी होते ते सगळं समजावून सांगितलं. माणूस प्रामाणिक, पण बोलायला लागला की समोरच्याला डुलकी येते. कॅमेरावाल्याला त्यातलं काहीच दाखवण्याजोगं वाटेना, म्हणून तो बाहेर गेला आणि त्यानं दुकानाच्या आवाराचं चित्रण केलं.

गुरुवारी संध्याकाळी नासारियो राजम्याची ताटली मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर एक पिकअप आली, तिच्यामागे टर्कीचं पीस खोवलेली गवती हॅट आली, आणि हॅटखाली तो स्वतः होता. त्यानं बायकोला हाक मारली. "म्हातारे, ये लवकर, मी टीव्हीवर आहे."

एर्लिंदा पिठाच्या हातानं आली. पडद्यावरचा नासारियो रायफलींची खोकी एकावर एक रचत होता आणि डेझिरेचा गंभीर आवाज सांगत होता, की असाच कुणी एक साधा दिसणारा माणूस दुकानातून माल उचलतो आणि बघता बघता तो माल नदीपार झालेला असतो.

नासारियोचा घास तोंडातच राहिला. एर्लिंदानं पडदा नीट न्याहाळला आणि म्हणाली, "शर्ट तरी इस्त्रीचा घालायचास." एवढं बोलून ती परत पिठाकडे गेली.

एरवी नासारियोनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्याच्या पुढच्या शनिवारी पलीकडे, नुएवो रेमान्सोत, त्याच्या नातीचा, यारेलीचा पंधराव्याचा सोहळा होता. आमच्यात अशा सोहळ्याची एकेक गोष्ट एकेका मानकऱ्याच्या नावावर असते. कुणी पोशाखाचा धर्मपिता, कुणी वाजंत्रीचा. केकचा धर्मपिता नासारियो होता. सगळ्या गावासमोर नातीचा हात धरून केकपाशी उभं राहायचं, पाद्रीबाबांनी नाव पुकारायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. यारेली चालायला लागली तेव्हापासून त्यानं या दिवसाची वाट पाहिली होती. आणि आता त्याचं नाव पुकारलं की लोकांना काय आठवणार, ते त्याला राजम्याच्या ताटलीत स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी तो चॅनेलच्या कचेरीत गेला. तिथल्या संपादकांनी त्याला आदरानं बसवलं आणि पटवून दिलं, की आम्ही तुमचं नाव घेतलेलं नाही, तुमच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, फक्त आवार दाखवलं, आता आवारात तुम्ही होता त्याला आमचा काय इलाज. तरी तुम्हाला त्रास होत असेल तर पुन्हा दाखवताना तुमचा चेहरा पुसट करू. नासारियो आभार मानून परतला.

शनिवारी बातमी पुन्हा लागली. आता हॅट होती, पीस होतं, पिकअप होती, खोकी होती, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा होता. आधी ज्यांना वाटलं होतं की हा आपला नासारियो वेंडेलकडे खोकी न्यायला आलाय, त्यांनासुद्धा आता शंका आली. सरळमार्गी माणसाचा चेहरा कुणी कशाला लपवील? रविवारी चर्चमध्ये शेजारचा बाक रिकामा राहिला. पाद्रीबाबांनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की मनावर काही ओझं असेल तर त्यांना रोज सकाळी सवड असते.

नासारियो घरी येऊन बायकोवर उखडला. जग मला बंदुका पळवणारा म्हणतंय आणि तू साखर चाळत बसलीस. एर्लिंदा म्हणाली, साखर न चाळून कसं चालेल, गुठळ्या राहतील. तो बिचारा मागच्या अंगणात जाऊन बसला. या बाईला आपल्या अब्रूची काडीइतकी पर्वा नाही, हे त्याला फार लागलं.

मग त्यानं डेझिरेलाच फोन केला आणि म्हणाला, मला माझी बाजू मांडायची आहे. डेझिरेला आनंद झाला. ती मनानं वाईट नव्हती, तिला खरंच ऐकायचं होतं. तिनं कॅमेरा लावला आणि सरळ प्रश्न विचारले.

"ही खोकी तुम्ही नियमित नेता?"

"दर आठवड्याला."

"आणि पूल ओलांडता?"

"दर शनिवारी. न चुकता."

"पलीकडे ती कोण घेतं?"

"दर खेपेला वेगळं कुटुंब. लोक वाट बघत असतात, बाई. वेळेवर पोचलं नाही तर रडारड होते."

यानंतर नासारियो केकवर आला आणि जिन्याची रचना, खांबांचा पाया, उन्हाचा कोन, सगळं त्यानं मनापासून सांगितलं. पण बातमीला वेळ असतो तो मुठीत मावेल एवढा. कचेरीत कुणीतरी कापाकापी केली आणि बरोबर रडारडीपाशी मुलाखत संपवली. नासारियोच्या सुरक्षिततेची काळजी म्हणून त्यांनी त्याला अंधारात बसवलेलं दाखवलं आणि आवाजही जाडा केला. तो आवाज ऐकून वेंडेलसुद्धा दचकला म्हणतात.

आता प्रकरण नदी ओलांडून गेलं. पलीकडच्या बाजारात नासारियो शेंदरी मिरच्या घ्यायला गेला तर मिरचीवाला उठून उभा राहिला आणि पैसे घेईना. एका अनोळखी माणसानं चोरीला गेलेली बकरी शोधून देण्याची गळ घातली. नासारियो म्हणाला, मी बसचा ड्रायव्हर आहे. तो माणूस समजुतीनं हसला आणि म्हणाला, हो, हो, तेच.

बुधवारी लेकीचा, म्हणजे यारेलीच्या आईचा, नोएमीचा, फोन आला. आवाज रडवेला होता. तिच्या सासऱ्यांचं म्हणणं असं पडलं होतं, की केक येऊ दे, पण केकपाशी दुसऱ्या कुणाला तरी उभं करू. पाहुण्यांत नको नको ते लोक मुद्दाम ओळख काढायला यायचे, आणि पोरीच्या सोहळ्यात ते कशाला. नासारियो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. एर्लिंदानं ते पाहिलं, त्याच्यासमोर गरम पोळी ठेवली, आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

तेव्हा त्यानं शेवटचा उपाय काढला. डेझिरेला त्यानं सांगितलं, की शनिवारी तू कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर पूल ओलांड. खोकी उघडू, सगळ्या जगानं बघावं. डेझिरे तयार झाली. खरं तर कापलेली मुलाखत पाहून तीही कचेरीत भांडून आली होती.

शनिवारी पिकअप निघाली. मागे खोक्यांतले जिने आणि केकचे मजले, पुढे एर्लिंदा मांडीवर सगळ्यांत वरचा मजला घेऊन बसलेली. मेक्सिकोत शिरताना जकातीच्या फाटकाशी दिवा असतो. हिरवा लागला तर जायचं, तांबडा लागला तर बाजूला घ्यायचं. दिवा कुणाचं तोंड बघून लागत नाही, पण नासारियोला त्या दिवशी तांबडाच लागला. जकातीचा साहेब बातम्या बघणारा होता. त्यानं हॅट पाहिली, खोक्यांवरचं रायफलीचं चित्र पाहिलं आणि कुत्रा मागवला. आता खोक्यात आधी रायफल होती, तिला तेल होतं, तेलाचा वास पुठ्ठ्यातून जातो थोडाच. वास लागला की खाली बसायचं, अशी त्या कुत्र्याची शिकवण. तो पहिल्या खोक्यापाशी बसला. दुसऱ्यापाशी बसला. तिसऱ्यापाशी तर त्यानं जमिनीवर अंगच टाकलं.

साहेबानं खोकी उघडली. जिने निघाले. मग त्याची नजर केकच्या तळमजल्याकडे गेली. एवढ्या मोठ्या केकच्या पोटात काय नसेल?

नासारियोनं हात जोडले. "साहेब, नातीचा आहे हो. बघा, पण मागच्या बाजूनं बघा."

साहेबही लेकीबाळींचा बाप निघाला. त्यानं मागच्या बाजूनं पाचर कापली, आरपार पाहिलं, आणि कापलेला तुकडा फेकवेना म्हणून खाल्ला. मग शिपायांनी खाल्ला. डेझिरेनंही कॅमेऱ्यासमोर खाल्ला आणि देशाला सांगितलं, "आत केक आहे. जरासा कोरडा, पण निव्वळ केक." एर्लिंदा तेव्हा पिकअपमध्ये बसून वरच्या मजल्याला वारा घालत होती. तिला काही ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी नुएवो रेमान्सोत केकचं भगदाड भिंतीकडे करून ठेवलं. साहेबानं स्वतः सासऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं. सासऱ्यांनी नासारियोला मिठी मारली, माफी मागितली, आणि त्याला पुढे उभं केलं. पाद्रीबाबांनी नाव पुकारलं. टाळ्या अशा वाजल्या की यारेली आजोबाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली. दोघं नाचलेही, एकमेकांचे पाय तुडवत. नासारियोला वाटलं, आता आपल्याला काही नको.

रविवारी संध्याकाळी बातमी लागली. यावेळी सगळं होतं, कापाकापी नाही, अंधार नाही, नासारियोचं नाव आणि शाळेच्या बसचा उल्लेखसुद्धा. तो खुर्चीत ऐसपैस बसून बघत होता. डेझिरेनं तुकडा तोंडात टाकला. "जरासा कोरडा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी दोन्या एर्लिंदा दारात उभी होती. काखेत पर्स आणि हातात झाकलेलं भांडं. तीन दुधांत भिजवलेल्या केकला कोरडं म्हणणं म्हणजे काय, हे तिनं आधी पहारेकऱ्याला सांगितलं, मग संपादकांना, मग संपादकांच्या वरच्यांना. ऊन चढेपर्यंत पुलावर उभी राहिलेली पोरगी, तिच्या स्वतःच्या तोंडाला कोरड पडलेली, तिनं माझ्या केकवर आळ घ्यावा? भांडं उघडून तिनं सगळ्यांना खायला लावलं आणि ज्यानं ज्यानं खाल्लं त्याला विचारलं, कोरडा आहे? नासारियोच्या वेळी ज्यांनी आवाराचं तत्त्वज्ञान सांगितलं होतं, त्यांनी तोंडातला घास गिळून नाही म्हटलं.

त्याच संध्याकाळी चॅनेलनं दिलगिरी व्यक्त केली, तीही मुख्य बातम्यांच्या आधी. केक कोरडा असल्याचं आमच्याकडून चुकून सांगितलं गेलं, प्रत्यक्षात तो दुधानं ओथंबलेला होता, दोन्या एर्लिंदा यांना झालेल्या मनस्तापाबद्दल आम्हाला खेद आहे. डेझिरेनं पुन्हा एक तुकडा खाऊन दाखवला आणि यावेळी डोळे मिटले.

एर्लिंदानं समाधानानं टीव्ही बंद केला.  नासारियोला राग आला होता आणि तो राग त्यानं आज बोलून दाखवला.

"दोन आठवडे मला बंदुका पळवणारा म्हणत होते. तू जागची हलली नाहीस. आणि केकला एक शब्द बोलले, तर पहाटे उठून गेलीस?"

एर्लिंदाला प्रश्नच कळला नाही. "अरे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तुझ्याबद्दल बोलले ते तुला ओळखणाऱ्या कुणाला खरं वाटणार होतं? केकचं वाटलं असतं."

 नासारियोनं उठून भांड्यात उरलेला केक दोन ताटल्यांत वाढला.