वामनभाऊंचा उतार

बपेऱ्याच्या साखरपुड्यात मी वामनभाऊंना गाडी सपाटीवर लावायला सांगितली. चूक माझीच.

वामनभाऊ म्हणजे लाखनीतले माझे शेजारी. घराणं विणकरांचं, आता कापडाचं दुकान. त्यांची जुनी डिझेलची गाडी चावीनं सुरू होत नसे, उतारानं होई. त्यामुळे लग्नपत्रिका हातात पडली की मुलगी कुणाची, मुहूर्त कधी, हे सगळं नंतर. आधी प्रश्न, "उतार आहे का जी?" नसेल तर गाडी गावाबाहेर तलावाच्या पाळीवर तोंड खाली करून उभी राही आणि हे आहेर काखोटीला मारून मांडवापर्यंत पायी जात. माणसांची पारखही ते त्यावरूनच करत. "माणूस सोन्यासारखा आहे, पण दारात उतार नाई," असं एका सख्ख्या साडूबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

तर साखरपुडा त्यांच्या लेकीचा, सुनीताचा. बपेरा तव्यासारखं सपाट. व्याह्यांनी गाडी अंगणातच घ्या म्हणून आग्रह धरला. वामनभाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, लावा बिनधास्त, बॅटरी नवी आहे. ती घ्यायला लावणाराही मीच. निघताना गाडी साधी खाकरली नाही. शेवटी कोऱ्या धोतरातले व्याही, नवरदेव आणि हातचा झारा न सोडता आलेला आचारी, अशा तिघांनी धक्का मारला. तेव्हापासून व्याह्यांचा फोन आला की शेवट ठरलेला, "या जी केव्हाही, धक्क्याले माणसं तयार आहेत." वामनभाऊ फोनवर हसत आणि नंतर जेवताना भात चिवडत बसत.

आता सुनीताचं पहिलं बाळंतपण. लेकीला माहेरी आणायचं आणि तेही आपल्याच गाडीतून, असं वामनभाऊंनी बोलून टाकलं. वहिनींनी अट घातली. "सपाटीवर सुरू होत असन तर चला. नाई तर जावई आणून सोडते. आत पोटुशी पोर अन् बाहेर व्याही ढकलून राहिले, हे मले नाई पाहवत."

बस, मी व्होल्ट मोजायचा मीटर विकत आणला. हायस्कुलात विज्ञान शिकवतो, म्हणजे तेवढा अधिकार आहेच. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ताणला. इंजिन सुरू केलं तरी मीटरचा आकडा वर चढेना, म्हणजे बॅटरीत नवी वीज जातच नव्हती. अल्टरनेटर खोलून वाइंडिंगवाल्याकडे नेला, तर तिथे तो ठणठणीत. परत आणून बसवला, तर आकडा तिथेच. मी मात्र ठाम होतो. चार्जिंग बिघडलं की समोर लाल दिवा लागतो. इथे तर दिवा कधीच लागत नाही, म्हणजे चार्जिंग झकास, मीटरच खोटा. ही थिअरी मी साखरपुड्याच्याही आधीपासून, दोन वर्षं, पानठेल्यावरही मांडत आलो होतो आणि दर वेळी गाडी मेकॅनिकला दाखवायचं मागे पडत होतं.

वामनभाऊ कंटाळले. "धागा तुटला तर मधातून वढू नाई मास्तर. टोक धरून जावं लागते." त्यांनी अल्टरनेटरची बारीक तार दोन बोटांत धरली आणि मागावर तुटका धागा शोधावा तशी चाचपत निघाले. तार इंजिनाच्या कडेनं आत शिरली, स्टेअरिंगखालून वर चढली आणि लाल दिव्याच्या खोबणीत संपली. खोबण रिकामी होती.

 वामनभाऊंनी समोरचा खण उघडला आणि सुपारीच्या डबीतून एक इवलासा बल्ब काढला.

प्रकार असा होता. एकदा हायवेवर पट्टा तुटला, लाल दिवा पेटला आणि गाडी ट्रकांच्या मधोमध बंद पडली. वहिनींनी तेव्हा असा धसका घेतला की पुढे चावी फिरवल्यावर तो दिवा नुसता लागला तरी त्या दार उघडून उतरू लागत. वामनभाऊंनी गुपचूप बल्बच काढून टाकला. आणि या जुन्या गाडीत अल्टरनेटरला जागं करणारी पहिली वीज त्याच बल्बातून जाते. बल्ब नाही तर चार्जिंग नाही. बायकोनं भिऊ नये म्हणून हा माणूस गावोगाव उतार शोधत हिंडला होता. खरं कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

बल्ब बसवला. मीटरचा आकडा सरसर चढला. मी अंगणात नाचलो, हे वहिनी सर्वांना सांगतात, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

बपेऱ्याला गाडी थेट अंगणात, मधोमध सपाटीवर लावली. पाहुणचार झाला. निघायच्या वेळी व्याही बाह्या सारून मागे येऊन उभे राहिले, सोबत दोन पुतणे. मागच्या सीटवर सुनीता आणि मी, पुढे वहिनी. वामनभाऊंनी चावी लावली आणि डावा तळहात लाल दिव्यावर झाकून धरला. वहिनींना दिसू नये म्हणून. मग चावी पुरती फिरवली.

एका दमात इंजिन सुरू झालं. व्याह्यांचे हात हवेतच राहिले. वामनभाऊंनी खिडकीतून डोकं काढलं आणि शांतपणे म्हणाले, "येतो जी. माणसं कामाले लावा."

वेशीपर्यंत त्यांचा हात दिव्यावर तसाच होता. वहिनींनी तो उचलून स्टेअरिंगवर ठेवला. "विझला तो केव्हाचा. दोन्ही हातानं चालवा, पोर आहे मांगं."

मला राहवलं नाही. दिवा लागला आणि विझला याचाच अर्थ चार्जिंग सुरू, असं मी मागून समजावू लागलो.

वहिनींनी मान वळवली. "भाऊजी, तुमी चूप राहिले असते ना, तर ही गाडी साखरपुड्याच्या आधीच सुधरली असती."