ग्रेअम टेलफरचा कोरडा आठवडा

त्या रविवारी सकाळी ग्रेअम टेलफरने रेडिओ मधेच बंद केला. खरं तर एवढंच झालं. रेडिओवरची बाई तळ्याकाठच्या भागाचा आठवड्याचा अंदाज सांगत होती. सोमवार-मंगळवार ऊन, बुधवारी वायव्येचा वारा, आणि बुधवारी संध्याकाळी... इथे ग्रेअमने बटण दाबलं.

"बिनखिडकीच्या खोलीत बसून ही मला माझं आभाळ शिकवणार," असं म्हणून तो टोस्टाला लोणी लावू लागला.

ग्रेअमला आभाळ शिकवायची कुणाची छाती नव्हती. हावेआ तळ्याकाठच्या त्या गावात दुकानाबाहेर एक पांढरा फळा आहे आणि दर रविवारी त्यावर आठवड्याचा अंदाज ग्रेअमच लिहितो. बावीस वर्षांपूर्वी त्याने एकदा नोव्हेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बर्फ पडेल म्हणून सांगितलं, आणि दुर्दैवाने तो पडला. (तेव्हापासून गाव ही शिक्षा भोगतंय.) त्याची पद्धत अगदी सोपी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्यापलीकडचा डोंगर बघायचा. डोंगर स्वच्छ आणि हाताशी आल्यासारखा दिसला की पाऊस. धूसर आणि लांब दिसला की कोरडं. गेला महिनाभर डोंगर धूसर दिसत होता आणि गेला महिनाभर ग्रेअम 'कोरडं' लिहीत होता. मधे दोनदा पाऊस भुरभुरला, पण त्यात ग्रेअमच्या मते चूक पावसाची होती.

त्याच महिन्यात त्याची बायको नोएलीन त्याला रोज एक गोष्ट सांगत होती. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग त्याच खिडकीवर बाहेरून थापला गेलाय, जरा शिडी लाव आणि काच धू. ग्रेअमचं उत्तर ठरलेलं असे, चांगला सडकून पाऊस आला की धुतली जाईल. हा पाऊस केव्हा येणार असं तिने विचारलं की तो डोंगराकडे बघायचा आणि म्हणायचा, इतक्यात नाही. आपण काय बोलतोय हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. तिच्या मात्र आलं होतं.

तर रविवारी त्याने फळ्यावर लिहिलं, "आठवडाभर कोरडं," आणि खाली झोकात सही केली.

या आठवड्यात तसं लिहिणं म्हणजे चेष्टा नव्हती. गुरुवारी पेटेरा आणि त्याची तीन माणसं टेलफरच्या आठशे मेंढ्यांची लोकर कातरायला येणार होती आणि शुक्रवारी सकाळी सातला नोएलीनची बस होती. नेल्सन शहरात राहणाऱ्या तिच्या लेकीला मुलगी झाली होती. नात तीन महिन्यांची झाली, तरी आजीने ती फक्त फोनवर पाहिलेली. कधी मेंढ्या, कधी गवत, कधी ग्रेअमची पाठ, जाणं राहूनच जायचं. या खेपेला ग्रेअमने शब्द दिला होता की कातरणी गुरुवारीच उरकेल, शुक्रवारी कुणाला रांधून घालायचं नाही, तू खुशाल जा. तिने सोमवारीच बॅग भरून दाराशी ठेवली.

आता मेंढी भिजली की कातरणी थांबते. ओली लोकर कातरून माणसांचे सांधे धरतात, अंगावर फोड येतात. मेंढ्या ओल्या की कोरड्या यावर वाद झाला, तर प्रत्येक कातरणारा दोन-दोन मेंढ्या कातरून बघतो आणि गुपचूप चिठ्ठी टाकतो. मालकाला मत नसतं. म्हणून शहाणी माणसं पावसाच्या नुसत्या शंकेने मेंढ्या आदल्या दिवशी शेडमध्ये घेतात.

बुधवारी दुपारी वारा सुटला. पश्चिमेच्या डोंगरांवर ढगांची लांब कमान धरली. ती कमान बघून गावातलं शेंबडं पोरही दोरीवरचे कपडे काढतं. पलीकडच्या शेतातल्या मरेने तर सकाळीच आपल्या मेंढ्या आत घेतल्या होत्या.

"ग्रेअम, मेंढ्या शेडमध्ये घे," नोएलीन म्हणाली.

"फळ्यावर काय लिहिलंय ते वाचलंस ना?"

"मी वाचलंय. पावसाने वाचलंय का?"

ग्रेअमने तिच्याकडे, मग खिडकीकडे बघितलं. डोंगर धूसर होता. पण खरी अडचण डोंगराची नव्हतीच. टेलफरची शेड रस्त्यावरून दिसते. मेंढ्या आत नेताना मरेने बघितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की टेलफरच्या अंदाजावर टेलफरचाच विश्वास नाही. बावीस वर्षांची अब्रू अशी शेडमध्ये कोंडायची? तो म्हणाला, मेंढ्या बाहेरच राहतील. आणि त्या राहिल्या.

साडेपाचला पाऊस आला. आडवा, वाऱ्यावर स्वार होऊन, बादल्यांनी ओतल्यासारखा. ग्रेअम व्हरांड्यात उभा राहून दीड तास बघत होता. हा पाऊस नाहीच, डोंगरापलीकडचा खिंडीतून थोडा इकडे सांडतोय, असं त्याने दोनदा सांगितलं. नोएलीनने दाराशी जाऊन बॅग एकदा उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. तेवढं मात्र ग्रेअमला लागलं.

माणसाला लागलं की तो शहाणा होतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने गुरुवारी सकाळी सहाला टेलफरच्या शेडमध्ये डोकवायला हवं होतं. चार माणसं, प्रत्येकी दोन मेंढ्या, म्हणजे आठ मेंढ्या कोरड्या असल्या की मत आपल्या बाजूने, असा हिशोब करून ग्रेअम मेंढ्यांवर केसांचा ड्रायर फिरवत बसला होता. ड्रायर नोएलीनचा, बॅगेत सगळ्यात वर ठेवलेला. चार मेंढ्या फुलकोबीसारख्या फुलल्या. पाचवीला ड्रायरमधून आधी वास आला, मग धूर आला आणि मग काहीच येईना.

सातला पेटेरा आला. त्याने फुगलेल्या चार मेंढ्यांकडे बघितलं, ग्रेअमकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला आणि सभ्य माणूस असल्याने सरळ हत्यारं बाहेर काढली. चौघांनी आठ मेंढ्या कातरल्या. ग्रेअमने फुगवलेल्या चारही त्यांत होत्या. वरून भुसभुशीत, कातडीपाशी चिंब. ऊन पडलंय, तासाभरात वाळतील, असं ग्रेअम प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगत होता. एवढ्यात नोएलीन चहा आणि ताज्या स्कोन-पावांचा ट्रे घेऊन आली, प्रत्येकापाशी थांबली आणि गेली. चिठ्ठ्या पेटेराच्या टोपीत पडल्या.

पेटेरा एकेक उघडून वाचू लागला.

"ओल्या. ओल्या. ओल्या. ओल्या." मग तो थांबला. "ग्रेअम, आम्ही चौघं आहोत ना?"

"चौघंच."

"टोपीत पाच आहेत." त्याने पाचवी उलगडली. ती पिठाच्या पिशवीच्या कागदावर होती. "ओल्या," त्याने वाचलं. "आणि माझा ड्रायर जळाला."

एक जण भिंतीकडे तोंड करून हसला. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

पेटेराने हत्यारं आवरली. मरेच्या मेंढ्या कोरड्या होत्या, म्हणून गुरुवार त्याला दिला आणि टेलफरची पाळी शुक्रवारवर गेली. मरेने मदतीला येऊ का म्हणून फोनवर विचारलं. असा फोन न आलेला बरा.

घरात ग्रेअम टोपी हातात धरून उभा राहिला.

"आता उद्या चौघांच्या जेवणाचं कसं?" त्याने हळूच विचारलं.

"मटण फ्रीजमध्ये आहे. ओव्हन भिंतीशी आहे," नोएलीन म्हणाली. "आणि मी बसमध्ये आहे."

शुक्रवारी ती गेली. तो तिला सोडायला निघाला होता, पण ओव्हन सोडून कुठे जाऊ नकोस म्हणून तिने बजावलं आणि मरेच्या बायकोच्या गाडीतून, बस थांबते त्या दुकानापर्यंत गेली. मेंढ्या कातरून झाल्या. ग्रेअमच्या जेवणाबद्दल त्या चौघांनी अजून कुठे वाच्यता केलेली नाही, इतके ते हादरले होते.

रविवारी सकाळी ग्रेअम एकटाच टोस्ट खात बसला होता. त्याने मान वर केली आणि त्याच्या हातातली सुरी थांबली. तळ्यापलीकडचा डोंगर हाताच्या अंतरावर उभा होता. एकेक घळ मोजून घ्यावी, इतका स्वच्छ. आयुष्यात त्याने तो असा बघितला नव्हता. याचा अर्थ एकच होता. येणारा पाऊस मेंढ्या वाहून नेईल. गावाला सावध करायला हवं, आणि ही गेलेली अब्रू परत आणायची संधी होती. तो कोटाची बटणं न लावता दुकानाकडे धावला.

फळ्याभोवती चार-पाच माणसं उभी होती. फळा भरलेला होता. अक्षर नोएलीनचं होतं. शुक्रवारी बस यायला तिच्याकडे दहा मिनिटं होती.

"पुढच्या आठवड्याचा अंदाज. बुधवारच्या पावसाने आमची खिडकी धुतली. ग्रेअमला डोंगर जवळ दिसेल. पाऊस नाही. गवत कापून घ्या."

रस्त्यापलीकडे मरेचा ट्रॅक्टर गवत कापत होता. बहुधा शनिवारपासूनच. सगळे ग्रेअमकडे बघू लागले. त्याने पेन उचललं, फळा पुन्हा एकदा वाचला आणि खाली सही केली.

तो आठवडा खडखडीत कोरडा गेला. ग्रेअम आजही भेटेल त्याला सांगतो की त्या आठवड्याचा त्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता.