खरी नक्कल

दत्तोबांनी पोह्यांचा पहिला घास तोंडात टाकला, मान डोलावली आणि कैलासरावांचा जीव भांड्यात पडला. वडगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आज कोमलला बघायला लोणावळ्याची मंडळी आली होती. मुलगा सत्यम, त्याचे वडील दत्तोबा, आई राजेश्वरीबाई आणि हे स्थळ आणणारे लोहगडवाडीचे चहाटपरीवाले रखमाजी भाऊ. माणसं एवढीच, पण कैलासरावांना सकाळपासून घाम फुटला होता.

त्याला कारणही तसंच होतं. आजवर आलेल्या प्रत्येक मुलात कोमलनं खोट काढली होती. एक फार बोलायचा, एक बोलायचाच नाही, आणि एकाच्या नुसत्या मिशीवरून तिनं नकार दिला होता. या स्थळाला मात्र ती फोटोही न बघता "चालेल" म्हणाली. कैलासरावांना ते आपले संस्कार वाटले. त्यांची बायको यशोधरा इतकी भाबडी नव्हती, पण तिनं नवऱ्याला एवढंच बजावलं, "आज जरा कमी बोला. मागच्या वेळचं आठवतंय ना?" मागच्या वेळी मुलाच्या बापानं सांगितलेला जमिनीचा गट नंबर चुकीचा आहे, हे कैलासरावांनी भर बैठकीत सिद्ध केलं होतं. ते स्थळ चहा न घेताच उठून गेलं.

गट नंबर पाठ असणार नाहीत तर काय! माणसाची उभी नोकरी तहसील कचेरीच्या नक्कल विभागात गेली. जुना कागद शोधायचा, त्याची नक्कल करायची, खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा आणि सही ठोकायची. मूळ कागद कचेरी कुणाच्या हाती देत नाही. कोर्टात चालते ती नक्कल, बँकेत चालते तीही नक्कलच. त्यामुळे हा शब्द कैलासरावांच्या तोंडी मोठ्या आदरानं यायचा.

दत्तोबांचं नेमकं उलटं होतं. त्यांचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान. ते चालू लागलं तसं शेजारी ‘नवीन दत्तोबा’ निघालं, समोर ‘श्री दत्तोबा’ निघालं आणि वळणावर ‘दत्तोबा यांचे बंधू’ अशी पाटी लागली. दत्तोबांना सख्खा काय, चुलत भाऊसुद्धा नव्हता. तेव्हापासून ‘नक्कल’ हा शब्द कानावर आला की त्यांचं डोकं फिरायचं. पण हे वडगावात कुणाला माहीत नव्हतं.

गप्पा पावसावरून टोलनाक्यावर आल्या, तिथून टीव्हीवर आल्या. दत्तोबा म्हणाले, "आता काय बघायचं हो टीव्हीवर! नुसता कालवा. पूर्वी रविवारी संध्याकाळी तो एक खेळ लागायचा..."

"पाठीला पाठ!" कैलासराव जवळजवळ ओरडलेच.

"बघायचा तुम्ही?"

"बघायचो? अहो, शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीनं बसून बघायचो!"

मग काय विचारता! दोघं एकदम वयानं लहान झाले. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या, त्यावर नवरा-बायकोला बसवायचं, एक प्रश्न विचारायचा, घंटी वाजली की दोघांनी एकदम उत्तर द्यायचं. जुळलं तर गुण, नाही जुळलं तर फजिती. एवढाच तो खेळ, पण दोघंही त्याच्याबद्दल डोळे मिटून बोलत होते. यशोधरेनं आतून बघितलं आणि निर्धास्त होऊन चहा टाकला.

"पितळी टोल होता शाळेतला. काय घुमायचा!" कैलासराव म्हणाले.

"टोल नव्हता. सायकलची घंटी होती."

"शेठ, टोलच. मला पक्कं आठवतंय."

"अहो, सायकलची घंटी! मी स्वतः..." दत्तोबा अडखळले. "म्हणजे मलाही पक्कं आठवतंय."

"बरं बरं, घंटी तर घंटी," कैलासरावांनी शहाणपणानं माघार घेतली.

"तोड नव्हती त्या खेळाला," दत्तोबा खूश होऊन म्हणाले. "आणि सगळा आपल्या माणसाच्या डोक्यातून निघालेला. अस्सल!"

इथं कैलासरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण आवडत्या खेळाची किंमत आणखी वाढवावी, अशी त्यांना ऊर्मी आली. "छे छे शेठ, उगाच कमी लेखू नका. तो परदेशातल्या खेळावरून घेतलाय. नक्कल आहे ती. अगदी खरी नक्कल!"

दत्तोबांचा घास तोंडात तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"नक्कल! कोमलनं दाखवलं ना मला मोबाइलवर. गोरे नवरा-बायको अगदी तस्से बसलेत. काना-मात्रेचा फरक नाही!"

"म्हणजे चोरी केली, असं म्हणताय."

"चोरी कशी? नक्कल!"

"एकच ते."

"एकच कसं होईल, शेठ? चोरी हा गुन्हा. नक्कल रीतसर फी भरून मिळते."

"माझ्यासमोर हा शब्द काढू नका, भाऊसाहेब," दत्तोबांनी बशी खाली ठेवली. "या नकलांनी माझ्या धंद्याचं वाटोळं केलंय."

"आवो, पोहे गार व्हत्यात," रखमाजी भाऊ मध्ये पडले. "खेळ अस्सल आसंल न्हाईतर नक्कल आसंल, आपल्याला काय करायचंय? आपुन हितं पोरीला बगाय आलोय."

आता कैलासराव घाबरले. बिघडलेलं सावरायचं तर पाहुण्यांना हसवावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि हसवण्याजोगी एक आठवण त्यांच्यापाशी होती. "ते जाऊ द्या, शेठ. तुम्हाला तो चौकड्यांच्या कोटातला बाबा आठवतो का?"

दत्तोबांना ठसका लागला. राजेश्वरीबाईंनी सावकाश मान वळवली. त्यांच्यामागून सत्यम दोन्ही हातांनी ‘नको नको’ करत होता, पण कैलासराव रंगात आले होते.

"त्याला विचारलं, बायकोचं माहेरचं नाव काय? आता हा काय प्रश्न झाला? घंटी वाजली आणि हा पठ्ठ्या म्हणतो, ‘अनघा!’ तिकडून बायको म्हणते, ‘अंबू!’ मागाहून कळलं, अनघा ही त्यानं लग्नाआधी बघितलेली दुसरीच मुलगी! आम्ही तर गडाबडा लोळलो. आणि त्या बाईचा चेहरा! असा!" कैलासरावांनी उभं राहून डोळे वटारले, गाल फुगवले आणि त्या बाईचा चेहरा करून दाखवला.

खोलीत एकटे कैलासरावच हसत होते.

"तो चेहरा माझा होता, भाऊसाहेब," राजेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव अंबू. आणि कोट यांच्या मित्राचा होता. धुऊन, इस्त्री करून मीच परत केला."

कैलासरावांचे गाल फुगलेले होते ते तसेच राहिले. दत्तोबा उभे राहिले. "ऊठ, सत्यम. निघू आपण."

नेमकी त्याच वेळी कोमल चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिचे डोळे भरले होते. ते बघून कैलासराव पुढे झाले. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा ‘चालेल’ म्हटलं आणि बापानं तोंडाच्या वाफेनं ते घालवलं. "शेठ, चुकलं माझं. पाया पडतो. पण बसा," ते काकुळतीला आले.

"हसणं सोपं असतं हो!" दत्तोबा चपला शोधत म्हणाले. "त्या खुर्चीत बसून बघा एकदा. घंटी वाजली की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही."

"ते खरं, शेठ. पण बायकोचं नाव म्हणजे..." कैलासरावांना राहवेना. यशोधरेनं चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"बसवा कुणालाही! भल्याभल्यांची उत्तरं चुकतात!"

पाहुणे जाऊ नयेत या एकाच काळजीनं रखमाजी भाऊ बोलून गेले, "मंग ह्या दोगांनाच बसवा की! पोराला आन् पोरीला."

"त्यांनी एकमेकांना आज पहिल्यांदा बघितलंय. ती काय उत्तरं देणार?" कैलासराव म्हणाले.

"तेच तर! सगळी चुकतील, मग कळेल तुम्हाला," दत्तोबांनी चपला शोधणं सोडलं. रखमाजी भाऊंना आपण काय बोललो ते आत्ता कळलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

स्वयंपाकघरातून दोन खुर्च्या आल्या. सत्यम आणि कोमल पाठीला पाठ लावून बसले. दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते. दत्तोबांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला, हातात चमचा घेतला आणि त्यांचा आवाजच बदलला. "स्पर्धकांनी मागे वळायचं नाही. पहिला प्रश्न. मुलाला चहा कसा लागतो?" टण्ण!

"बिनसाखरेचा!" दोघं एकदम म्हणाले.

"जुळलं!" कैलासरावांनी टाळी वाजवली.

"नशीब. हल्ली सगळेच बिनसाखरेचा पितात," दत्तोबा म्हणाले. "विचारा, तुम्ही विचारा."

"मुलगी सगळ्यात जास्त कशाला भिते?" टण्ण!

"माकडांना!"

"चष्मा पळवला होता ना तिचा..." सत्यम बोलता बोलता जीभ चावून थांबला. पण दोन्ही बाप ‘जुळलं! जुळलं!’ करण्यात इतके गुंतले होते की ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

"मुलाला राग आला की तो काय करतो?" टण्ण!

"फोन बंद!"

"शेठ, असा डाव तेव्हासुद्धा कुणाचा झाला नव्हता!"

"नाहीच झाला! माझं तर पहिलंच चुकलं होतं," दत्तोबा आनंदानं म्हणाले. आता दोघं दिवाणावर मांडीला मांडी लावून बसले होते. दोघांच्या बायका मात्र जमिनीकडे बघत होत्या, आणि रखमाजी भाऊ पोह्यातले शेंगदाणे निवडत होते.

"आता शेवटचा," दत्तोबांनी चमचा उंच धरला. "मुलीची सगळ्यात आवडती जागा कोणती?" टण्ण!

"रखमाजी भाऊंची टपरी!"

"जु..." कैलासरावांची टाळी हवेतच राहिली. "कोमल? तू लोहगडवाडीला कधी गेली होतीस?"

रखमाजी भाऊ तिच्या मदतीला धावले. "आवो, माजी टपरी लय जणांना आवडती. गडावं जाणारी समदी तितंच च्या पित्यात."

"पण ही तिथं रोज येते की काय?"

"न्हाई न्हाई, रोज कुटं! फकस्त रविवारी येत्यात दोगं."

मग कुणीच काही लपवलं नाही. दोघं तळेगावच्या एकाच कंपनीत होते, एकाच बसनं जात होते, आणि रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला तरच बाप तयार होतील म्हणून रखमाजी भाऊंकरवी त्यांनी स्वतःचंच स्थळ स्वतःच्या घरी पाठवलं होतं. दोन्ही आयांना हे ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंस?" कैलासरावांनी बायकोला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचा गट नंबर काढून बसला असता."

इकडे राजेश्वरीबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. "म्हणजे घंटी वाजली की माणूस घाबरून काहीबाही बोलत नाही तर. मनात असतं तेच बाहेर येतं." दत्तोबांनी हातातला चमचा हळूच तांब्यात सोडला.

मग कैलासराव पडेल आवाजात म्हणाले, "म्हणजे शेठ, बघण्याचा अस्सल कार्यक्रम टपरीवर कधीच होऊन गेलाय. आणि आजचा हा..."

"नक्कल," दत्तोबांनी तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला. "जन्मभर बनावट चिक्की लांबून ओळखत आलो. आणि घरातलं कळलं नाही."

"नक्कल तर नक्कल," रखमाजी भाऊ म्हणाले. "शिक्का तेवडा तुमा दोगांचा पायजे."

दोघं बाप एकमेकांकडे बघायला तयार नव्हते. यशोधरेनं पोरांना उठवलं आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही दोघं बसा." आज तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की दत्तोबाही मुकाट्यानं बसले. राजेश्वरीबाईंनी तांब्यातला चमचा काढून पदरानं पुसला आणि विचारलं, "या पोरांचं लग्न लावायचं की नाही?"

टण्ण!

"लावायचं!"

दोघांचा आवाज असा एकदम आला की कोमलनं तोंडावर हात ठेवला. सत्यमनं रखमाजी भाऊंना मिठी मारली, आणि यशोधरा डोळे पुसत साखरेचा डबा आणायला वळली. तेवढ्यात दत्तोबा म्हणाले, "मी आधी म्हणालो."

"असं कसं, शेठ? मी आधी म्हणालो."

"तुम्ही माझं ऐकून म्हणालात, भाऊसाहेब. मूळ उत्तर माझं!"

"ऐकून? माझं ‘ला’ निघालं तेव्हा तुमचं तोंड मिटलेलं होतं!"

"पाठीमागून दिसलं तुम्हाला?"

"मग पुन्हा होऊ दे! वहिनी, वाजवा परत!"

"वाजवाच! होऊन जाऊ दे!"

"नको!" सत्यम आणि कोमल एकाच दमात किंचाळले.

दोन्ही बाप खुर्चीतच गर्रकन वळले, त्यांनी पोरांकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं आणि मोठ्यानं ओरडले, "जुळलं!"