मेंढीकोटाचा चौथा गडी

कुटुंब एकत्र राहावं म्हणून माणसानं आजवर जे उपाय शोधले, त्यांत एक मोठा दोष आढळतो : त्यांतला एकही उपाय एकट्यानं करता येत नाही.

हा दोष टोकावड्याच्या महिपतरावांच्या ध्यानात पहिल्याच रविवारी आला. एसटीत अठ्ठावीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढून ते निवृत्त झाले होते, आणि हाताशी गाड्या नसल्यामुळे घरच्यांचं नियंत्रण करत होते. सून समीक्षा हिनं कुठंसं वाचलं, की आठवड्यातून एकदा घरच्यांनी मिळून खेळलं तर जिव्हाळा वाढतो. महिपतरावांना जिव्हाळ्याची विशेष माहिती नव्हती. पण 'आठवड्यातून एकदा' हे वेळापत्रक असल्यामुळे प्रस्ताव तत्काळ मंजूर झाला. दर रविवारी दुपारी चार वाजता, ओटीवर, मेंढीकोट. उशिरा येणाऱ्यानं कारण लेखी द्यावं. (पत्नी जनाबाई यांनी पहिल्याच दिवशी 'चहा' असं कारण लिहून दिलं. चहा सोबत असल्यामुळे ते ग्राह्य धरलं गेलं.)

मेंढीकोटाला चार गडी लागतात. मुलगा संदेश वाशिंदच्या कारखान्यात. रविवारी त्याची पाळी. उरले तीन. समीक्षानं मोजून पाहिलं, जनाबाईंनी मोजून पाहिलं. तीनच.

"भाऊजींना बोलवा," जनाबाई म्हणाल्या.

भगीरथ हा महिपतरावांचा धाकटा भाऊ, मधल्या भिंतीपलीकडे राहणारा. दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण गंभीर होतं : संदेशच्या लग्नपत्रिकेत भगीरथाचं नाव मामाच्या नावाखाली छापलं गेलं होतं. चूक छापखान्याची की महिपतरावांची, याची चौकशी अजून चालू होती. चौकशी अधिकारी महिपतरावच होते.

"बोलायचं नाय," ते शेवटी म्हणाले. "खेळायला हरकत नाय. बदली म्हणून घ्या त्याला. पण तोंड उघडायचं ते फक्त पत्त्यांपुरतं."

समीक्षानं अट भिंतीपलीकडे पोचवली. भगीरथानं ती नीट ऐकून घेतली, धुतलेला सदरा घातला आणि "कामापुरता येतो" असं बजावून चहाच्याही आधी हजर झाला.

जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या. महिपतरावांना जोडीदार आला भगीरथ. (चिठ्ठ्या समीक्षानं लिहिल्या होत्या आणि उचलल्याही तिनंच, एवढं नोंदवून ठेवलेलं बरं.)

"हुकूम कोनचा?" भगीरथानं विचारलं. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"किलवर." महिपतरावांचा आवाज चिरकला. त्यांनी तो खोकला असल्याचं दाखवलं.

चारही दश्श्या ओढून दोघा भावांनी कोट केला. महिपतरावांनी शिरस्त्याप्रमाणे वही काढून उपस्थिती लिहिली. पहिलं नाव भगीरथ. दुसरं महिपत. भगीरथ वाकून बघत होता.

"माझं नाव वर कसं?"

"वयानुसार."

"मी धाकटा हाय ना रे दादा."

पेन थांबलं. "चूक झाली," महिपतराव म्हणाले. कोणती, ते त्यांनी वहीत लिहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे मंग," असं म्हणून भगीरथ घाईघाईनं पत्ते पिसायला लागला. त्यातले दोन खाली पडले.

इथं दुसरं एखादं घर असतं तर समेट होऊन खेळ बंद पडला असता. पण अट कोणी रद्द केली नव्हती, आणि महिपतराव नियमाबाहेर जाणारे नव्हते. मंगळवारी सकाळी भगीरथ चौकटची राणी हातात धरून दारात उभा राहिला. "पंप चालू होत नाय," तो राणीकडे बघत म्हणाला. पत्ता हातात असल्यामुळे हे बोलणं पत्त्यांपुरतंच धरण्यात आलं. पुढल्या आठवड्यात त्याची बायको प्रेमा तापानं फणफणली तेव्हा तो इस्पिकचा एक्का घेऊन धावत आला, आणि दोघा भावांनी तिला रिक्षात घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्क्याबद्दल काही विचारलं नाही.

तीन महिन्यांत दोघांत एकशे बारा संभाषणं झाली. विषय : भात एकतीस, तब्येती बावीस, लहानपणीच्या मारामाऱ्या अठ्ठावन्न, पत्ते एक. कॅटातले चौदा पत्ते सदऱ्यांच्या खिशांतून धुण्यात गेले.

दरम्यान संदेशला एका रविवारी सुट्टी मिळाली. तो हौसेनं ओटीवर येऊन बसला.

"जागा भरलेली हाय," महिपतराव म्हणाले. "प्रतीक्षा यादीत नाव घालतो."

"बाबा, मी तुमचा पोरगा हाय!"

"ते कबूल हाय."

संदेश पलीकडे जाऊन प्रेमाकाकीबरोबर सापशिडी खेळत बसला. हसण्याचे आवाज येऊ लागले, तेव्हा महिपतरावांनी विनापरवाना शाखा म्हणून त्याची वहीत नोंद केली आणि मग अर्धा तास तिथंच जाऊन बसले, तपासणीसाठी.

"आता काढून टाका ना ती अट," समीक्षा एकदा म्हणाली. "सरळ बोला की दोघं."

महिपतरावांनी भगीरथाकडे पाहिलं. भगीरथानं हातातल्या पत्त्यांकडे.

"अट काढली," महिपतराव हळूच म्हणाले, "तर हा यील कशाला गो?"

टोकावड्यात या दोन म्हाताऱ्यांना लोक हसतात, आणि ते योग्यच आहे. सुज्ञ वाचकांना आपल्या माणसांशी बोलायला असली निमित्तं लागत नाहीत. त्यांनी फक्त आपल्या घरची चार माणसं एका खोलीत, एकमेकांकडे तोंड करून, शेवटची कधी बसली होती ती तारीख आठवून पाहावी. (लाईट गेली होती तो दिवस धरू नये.)