आबाजी अस्वलाच्या पोटातली गाठ

एका जंगलात, बाळांनो, आबाजी नावाचं एक अस्वल राहत होतं. जंगल जुनंच होतं, पण तिथे स्कॅनचं यंत्र नवं आलं होतं.

एकदा आबाजी पोळ्यातला मध काढताना झाडावरून घसरला. बरगडी मोडली की काय, म्हणून त्याला यंत्रात घातलं. बरगडी ठणठणीत होती. स्वादुपिंडाच्या टोकाला मात्र एक गाठ दिसली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी.

डॉक्टर होत्या सुतारपक्षीणबाई. टोचून नेमकं तेवढंच बाहेर काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"तुम्ही सांगेपर्यंत नव्हतं दुखत," आबाजी म्हणाला.

बाईंनी सुईने तुकडा घेऊन तपासला. मग आबाजीला आणि त्याच्या बायकोला, मथुराला, समोर बसवलं.

"ही न्यूरोएंडोक्राइन गाठ आहे. कर्करोगाच्याच कुळातली, पण तुमची फार सावकाश वाढणारी दिसते."

"मग काढून टाका."

"काढता येईल. पण सोबत स्वादुपिंडाचा तुकडाही जाईल. साखर वाढू शकते, मध सुटू शकतो. गाठ एवढी लहान असताना दर सहा महिन्यांनी नुसती पाहत राहणं, हाही उपचारच आहे. वाढली तर काढू. घरी जाऊन विचार करा."

घरी विचार करायला अख्खं जंगल जमलं होतं.

"कापा," माकड म्हणालं. "माझ्या चुलत्याने कापली नाही. गेला."

"मुळीच कापू नका," ससा म्हणाला. "माझ्या मावशीने कापली. गेली."

"कशाने गेली?" मथुराने विचारलं.

"बिबट्याने खाल्ली. पण अशक्तपणामुळेच पळता आलं नाही ना."

चुलताही फांदी मोडून पडला होता, असं चौकशीअंती कळलं.

शेवटी हात वर करून मतदान झालं. माकडाने चार वर केले. कापण्याचा ठराव तीन मतांनी पास झाला. मथुराने सगळ्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "पोट कोणाचं आहे?"

तेव्हा सगळ्यांना घरची कामं आठवली.

संध्याकाळी दोघं नदीकाठी जाऊन बसली.

"मला कापायचीही भीती वाटते आणि न कापायचीही," आबाजी म्हणाला.

"मलाही. पण बाई पाहत राहणार आहेत. आपण एकटे थोडेच आहोत? आणि तुम्ही तपासणी चुकवलीत तर गाठ माझ्याशी आहे."

आबाजी पुष्कळ दिवसांनी हसला. थांबायचं ठरलं.

पहिल्या दोन तपासण्यांत गाठ होती तेवढीच होती. तिसऱ्या वेळी बाईंनी ती दोनदा मोजून पाहिली. गाठ सुपारीएवढी झाली होती.

"आता काढू या," त्या म्हणाल्या.

आबाजी हो म्हणाला. मथुरा दारापाशी बसून राहिली. दुपारी बाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. आजूबाजूला काही पसरलं नव्हतं. साखर थोडी वाढली, पण सणासुदीला बोटभर मध चालेल, असं ठरलं.

"सुटलो म्हणायचं," आबाजी म्हणाला.

"गाठीतून सुटलात. माझ्या तावडीतून नाही. अजून बरीच वर्षं तपासणीला यायचंय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी अजून आजारी आहे?"

"बरे आहात. तसेच आहात ना, ते पाहायला यायचं."

तेव्हापासून आबाजी नेमाने जातो. आदल्या दिवशी त्याला जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी तो दोघांचं जेवतो.

जंगलात त्यानंतर दोन सत्कार झाले. 'कापा' म्हणणाऱ्यांनी माकडाला शाल दिली. 'थांबा' म्हणणाऱ्यांनी सशाला. दोन्हीकडे भाषणं झाली.

तात्पर्य: मुलांनो, डॉक्टरांना नीट विचारून आणि घरच्या माणसाशी बोलून निर्णय घेऊ नये. त्याने आजारी माणूस बरा होतो, पण शेजाऱ्यांची फार गैरसोय होते.