मावशीला चालतं ते सगळ्यांना

एका जंगलात, मुलांनो, वाघोजीराव नावाचा वाघ राज्य करायचा. जंगलाच्या कडेला माणसांचा डाक बंगला होता. तिथून एकदा भाजलेल्या कांद्याच्या रश्श्याचा वास महाराजांच्या नाकात गेला आणि त्या दिवसापासून त्यांना कच्चं मांस अडाणीपणाचं वाटू लागलं.

मग गेणू साळिंदराची आचारी म्हणून नेमणूक झाली. गेणूचं अर्धं आयुष्य डाक बंगल्याच्या स्वयंपाकघरामागे कांद्याची सालं कुरतडण्यात गेलं होतं. राजदरबारी याला अनुभव म्हणतात. हाताला मात्र त्याच्या खरंच चव होती.

महाराजांना विषाची भीती वाटायची. पहिला घास कुणीतरी चाखायला हवा होता, पण सगळ्या दरबाऱ्यांचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडलं. तेव्हा प्रधान कोल्ह्याला आठवलं की मांजर ही महाराजांची मावशी. वडीलधाऱ्यांच्या आधी जेवायला बसणं बरं दिसतं का? पहिला घास मावशीचा, असं ठरलं. याला मान म्हणायचं, हेही ठरलं.

मावशीने पंधरा दिवस मानाचा रस्सा खाल्ला आणि सोळाव्या दिवशी अंथरूण धरलं. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगात त्राण नाही, ओकाऱ्या वेगळ्याच. गेणूला धरून बाभळीला बांधलं. उद्या दुपारी याचे काटे उपटायचे आणि उरलेल्या गेणूचं काय करायचं ते महाराज ठरवतील, असं प्रधानांनी जाहीर केलं.

सकाळी बगळेशास्त्री वैद्य आले. त्यांनी मावशीला तपासलं आणि विषबिष काही नाही म्हणाले. मांजराला कांदा बाधतो, लसूण बाधतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर जवळही नेऊ नका. दूधसुद्धा पुष्कळ मांजरांना पचत नाही. यावर दरबार खवळला, कारण आजवर गोष्टींमधली सगळी मांजरं दूधच पीत आली होती. शास्त्री बधले नाहीत. चालतं काय, तेही त्यांनी सांगितलं. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, काटे काढलेला उकडलेला मासा, नीट शिजवलेलं अंडं, चवीपुरता उकडलेला भोपळा. तेही थोडंथोडं.

गेणूला सोडलं. त्याने हात जोडून सुचवलं की महाराजांना रस्सा करतो, मावशींची कोंबडी वेगळी शिजवतो.

"वेगळं शिजवलं तर चाखायचा उपयोग काय?" प्रधान म्हणाले.

महाराजांना ते पटलं. शिवाय मावशीचं आणि त्यांचं रक्त एक. तिला बाधतं ते त्यांनाही बाधणारच. आणि महाराज खात नाहीत ते प्रजेने खाणं हा उद्धटपणा झाला. संध्याकाळपर्यंत शास्त्र्यांची यादी झाडाझाडावर लागली. वर लिहिलं होतं, 'सर्वांसाठी सुरक्षित अन्न'. खाली लिहिलं होतं, कांदा शिजवणारा विषप्रयोग करतो असं समजण्यात येईल.

अहो, ही यादी मांजराची आहे, हे गेणूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाभळीला दोर अजून लोंबत होता.

दुसऱ्या दिवसापासून गेणू हरणांना उकडलेला मासा नेऊ लागला. सशांना कोंबडी. माकडांची द्राक्षं जप्त झाली. कोंबड्यांचं मत कुणी विचारलं नाही, कारण त्या यादीतच होत्या. हरणं मासा हुंगायची आणि संकोचाने मान खाली घालायची. प्रधानांनी नोंद केली की तक्रार नाही.

महिन्याभरात हरणांच्या बरगड्या दिसू लागल्या. एका म्हाताऱ्या हरिणीने विचारलं, "गेणूभाऊ, गवत सुरक्षित नसतं का रे?"

"यादीत नाही, काकू," गेणू म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

एका दुपारी महाराज मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. रस्सा कर म्हणाले.

"पण महाराज, पहिला घास मावशींचा."

"झोपलीय ती. कशाला उठवायचं?"

महाराजांनी न चाखलेला रस्सा तीन वाट्या ओरपला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "विष नव्हतं ना?"

"नव्हतं, महाराज. कधीच नव्हतं."

"मग आधी सांगायचंस," म्हणत महाराज निघाले. उकडलेल्या भोपळ्याच्या गोडव्यावर त्यांना प्रजेपुढे भाषण करायचं होतं.

तेवढ्यात मावशी आली. आता ती चांगली गुबगुबीत झाली होती. तिने हवा हुंगली. गेणूने तिचे पाय धरले. "मावशी, महाराजांची भीती गेलीय. तुम्ही शब्द टाका, यादी काढायला सांगा. हरणं मरतील हो."

मावशीने कोंबडीचा तुकडा सावकाश गिळला. "यादी गेली की पहिला घास कुणाचा?"

गेणू खाली बघत म्हणाला, "तुमचा."

"मग मला इथे कसलाच वास आलेला नाही," मावशी म्हणाली आणि उन्हात जाऊन पसरली.

दुसऱ्या सकाळी म्हातारी हरिणी उठलीच नाही. तिच्यासमोर माशाची वाटी भरलेलीच होती. मृत्यू सुरक्षित अन्नामुळे झालेला नाही, अशी नोंद झाली. ती खरीच होती.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या ताटातलं मांजराला देण्याआधी नीट चौकशी करावी. हरणाला काय द्यावं, हे विचारण्याची पद्धत नाही.